चालवून दाखवा

बँकेच्या अ‍ॅपचे तीनशे बारा तुकडे आले भाषांतराला.
दोनशे सातवा : डिक्लाइन.
अट अशी, की बटणात मावलं पाहिजे,
सहा अक्षरांच्या आत, जोडाक्षर शक्यतो नको.

‘नाकारा’ लिहिलं. मावलं.
परवा कोथरूडला माझंच झालं होतं हे,
पाव किलो चक्का, सुरळीच्या वड्या, मागे रांग,
यंत्रावर लाल अक्षरं, आणि गल्ल्यावरचे गृहस्थ
सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले,
‘कार्ड नाही म्हणतंय, मॅडम.’

पण डिक्लाइन म्हणजे नुसतं नाही म्हणणं नव्हे.
त्यात एक पाऊल मागे घेणं आहे, मान किंचित खाली.
आपल्याकडे हे काम ‘बघू’ करतं,
‘कळवते’ करतं,
‘मुलांच्या परीक्षा होऊन जाऊ देत’ करतं.

पुढचा तुकडा : शिल्लक डिक्लाइन होत आहे.
इथे घटते. पूर असता तर ओसरला असता.
ऊन कलतं, भाव उतरतात, तब्येत खालावते,
आणि अभिरुचीचा ऱ्हास होतो
दर दहा वर्षांनी, परिसंवादात, चहापूर्वी.
एका इंग्रजी खुंटीला इतके सदरे.

तेवढ्यात फोन वाजला. सुनेत्रा खांबेटे.
सरांची मुलगी. मी लाल गोल दाबला.
त्याखालचा शब्दही माझाच, दोन वर्षांपूर्वीचा.
नंतर लावू म्हटलं. नंतर म्हणजे
अकरा दिवसांनी, रविवारी, स्वतःच गेले.

सहकारनगर, तिसरा मजला, मागे तळजईचा उतार.
सुनेत्रानं रिपोर्ट हातात दिला :
कॉग्निटिव्ह डिक्लाइन, मॉडरेट.
‘तू भाषांतर करतेस ना? आईला नीट सांग.’
उतार म्हणणार होते. जीभ चावली.
आपल्यात उतार पडला म्हणजे ताप गेला,
माणूस उठून पेज मागायला लागला.
उतारवय तेवढं खालच्या दिशेचं.
आणि उतारा म्हणजे तर विषावरचं औषध.
‘विसरायला होतंय जरा,’ मी काकूंना म्हटलं.
काकू म्हणाल्या, ‘जरा?’

सर खिडकीशी होते. स्वेटरची बटणं एक घर चुकलेली.
‘कोण?’
‘ऋजुता, सर. नववी ब.’
काही हललं नाही चेहऱ्यावर.
मग बोटं गुडघ्यावर ठेका धरू लागली :
ऋजुता ऋजुते ऋजुताः
ऋजुताम् ऋजुते ऋजुताः
ऋजुतया ऋजुताभ्याम् ऋजुताभिः

‘उभी राहा, शब्द चालवून दाखव,’ म्हणायचे.
एकदा माझं नावच दिलं होतं चालवायला.
अनेकवचनाला वर्ग हसला.
‘भाववाचक आहे, एकटंच शोभतं,’ सर म्हणाले,
‘तरी चालव.’

इंग्रजीत यालाही डिक्लाइनच म्हणतात.
नाम प्रथमेत ताठ उभं असतं,
मग एकेक पायरी खाली :
कुणाला, कुणाकडून, कुणासाठी.
आम्ही त्याला उतरणं म्हटलं नाही कधी.
चालवणं म्हटलं. लहान मुलाला
बोट धरून चालवतात तसं.

पंचमीला सर थांबले. माझ्यापासून.
सुनेत्रानं कप पुढे केला,
त्यांनी तो तळव्यानं हलकेच परत लोटला,
इतक्या अदबीनं, की हाच तो अर्थ, वाटलं,
दोनशे सातवा, बटणात न मावणारा.

मग षष्ठी, सप्तमी, कुठेही न अडखळता.
आणि आठवी, खिडकीबाहेर बघत :
हे ऋजुते
हे ऋजुते

‘हो, सर,’ मी म्हटलं.
पण संबोधनात या शब्दाचं
एकवचन आणि द्विवचन सारखंच असतं.
एकीलाच दोनदा हाक मारली,
की माझ्या शेजारी अजून कुणी उभी होती,
दोन वेण्या, हातावर शाई,
ते मला कळलं नाही.